नेपाळात हिवाळी स्वयंसेवेला जाताय? आधी घाम तापायला शिका

नुवाकोट जिल्ह्यातल्या एका डोंगरी गावात माझी पहिली सकाळ. अंगात दोन स्वेटर, वरून शाल, तरी दात वाजत होते. ज्यांच्या घरी मी उतरले होते त्या आमा, म्हणजे आई, अंगणातून हाक मारत होत्या, "आऊ नानी, घाम तापौँ!" इथे बोटं वळेनात आणि या कसला घाम तापवायला बोलावताहेत, असं वाटून मी पांघरुणातच बसून राहिले. दुपारी शाळेतल्या बाईंनी सांगितलं तेव्हा कळलं, नेपाळीत घाम म्हणजे ऊन. आमा मला उन्हात शेकायला बोलावत होत्या आणि मी त्यांना अर्धा दिवस ताटकळत ठेवलं होतं.

पुढे अडीच महिने राहिले. हिवाळ्यातलं नेपाळ पाहायचं असेल तर देवळांची यादी नंतर करा. सकाळी धुकं उठल्यापासून दुपारी ऊन उतरेपर्यंत माणसं जिथे बसतात तिथे आधी जागा मिळवा. गप्पा, खाणं, खेळ, उखाळ्यापाखाळ्या, सणाची तयारी, सगळं तिथेच चालतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मी शिकले त्याच क्रमाने लिहिते आहे.

१. काम निवडताना

शाळेत शिकवायला जाणार असाल तर पहिला प्रश्न हा विचारा: तुमच्याकडे हिवाळी सुट्टी कधी असते? उंचावरच्या हिमाली भागातल्या शाळा पुस-माघात, म्हणजे साधारण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच्या काळात, बराच काळ बंद असतात. काठमांडूच्या खोऱ्यातही थंडीची थोडी सुट्टी असतेच. हे न विचारता गेलेली माणसं मी पाहिली आहेत. कुलूपबंद शाळेसमोर उभं राहून फोटो काढण्यापलीकडे त्यांना काही करता आलं नाही.

दुसरं, अनाथालयात 'मुलांशी खेळायला' येण्याचं आमंत्रण असेल आणि त्यासाठी पैसे मागत असतील, तर जाऊ नका. नेपाळात अशा गृहांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं गावातून आणायची आणि परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांवर गृह चालवायचं, हा धंदा तिथे उघडकीला आलेला आहे. दर महिन्याला नवी 'ताई' येऊन जीव लावते आणि निघून जाते, यातही मुलांचं काही भलं नाही. शेतीकाम, शाळेची डागडुजी, वाचनालय लावणं, शिक्षकांना संगणक शिकवणं, अशी कामं भरपूर आहेत.

तिसरं, ठिकाण. आपल्याला वाटतं डोंगरात थंडी आणि तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यात, ऊब. पुसात अनुभव बरेचदा उलटा येतो. तराईत शीतलहर आली की दिवसचे दिवस धुकं हटत नाही, सूर्य दिसतच नाही आणि कुडाच्या घरात ओल हाडात शिरते. मधल्या टेकड्यांवर रात्र गोठवते, पण दिवसा लख्ख ऊन असतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने हजार ते दोन हजार मीटरच्या टापूतलं गाव धरावं. काठमांडू सुमारे १४०० मीटरवर आहे. जानेवारीत तिथे पहाटे पारा दोन-तीन अंशांवर असतो आणि दुपारी स्वेटर काढून कमरेला बांधावा लागतो.

२. कागद आणि पैसा

भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक हवंच. विमानाने जाणाऱ्या प्रौढ माणसाचं आधार कार्ड चालत नाही. विमानतळावरून परत फिरलेल्यांत आधारवालेच जास्त असावेत. संस्थेचं किंवा शाळेचं पत्र जवळ ठेवा.

भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. दुकानदार विचारतो, "आईसी कि एनसी?" म्हणजे भारतीय की नेपाळी. हा प्रश्न न कळता पैसे दिलेत तर दीडपटीहून जास्त गेले म्हणून समजा. शंभराच्या आणि त्याखालच्या भारतीय नोटा सहज चालतात. मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात, निघण्याच्या आठवड्यात पाहून घ्या.

रेल्वेने जाणार असाल तर मुंबईहून गोरखपूर, तिथून सुनौली सीमा. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेतल्या धुक्यामुळे गाड्या तासन् तास उशिरा धावतात, तेव्हा एक दिवस हातचा राखून ठेवा. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटं असतं.

३. सामान

लोकरीचे आतले कपडे, कानटोपी, पायमोज्यांचे चार जोड, गरम पाण्याची रबरी पिशवी, काठमांडूच्या धुळीसाठी मास्क. पांघरायला तिथे सिरक मिळते, आपल्या गादीएवढी जाड रजई. ती नेऊ नका. आवर्जून नेण्यासारखी गोष्ट म्हणजे तिळाच्या वड्यांचा एक डबा. त्याचं कारण पुढे संक्रांतीशी येईल.

४. पहिला आठवडा: दिवस कसा चालतो

आपल्यासारखा नऊचा नाश्ता तिथे नाही. उठल्यावर चहा. मग नऊ-दहाच्या सुमाराला थेट डाळ-भात, भाजी, लोणचं, पोटभर. दुपारी 'खाजा', म्हणजे चिवड्यासारखे कोरडे पोहे, उकडलेलं काहीतरी किंवा चाऊचाऊ, म्हणजे पाकिटातल्या झटपट नूडल्स. रात्री सात-साडेसातला पुन्हा डाळ-भात. पहिले चार दिवस मी सकाळी साडेसातला भुकेने कळवळायचे आणि दहाला ताट आलं की जेवण जायचं नाही. पाचव्या दिवशी पोट सुतासारखं सरळ झालं.

अंघोळ दुपारी. गच्चीवरच्या सोलरच्या टाकीतलं पाणी एक-दोनच्या सुमारास तापतं. सकाळी सहाला अंघोळ केल्याशिवाय करमत नाही ही शिस्त सीमेवर सोडून या. गॅसचा गीझर असलेल्या न्हाणीघरात खिडकी उघडी ठेवा आणि रात्री खोलीत कोळशाची शेगडी, ज्याला तिथे 'मकल' म्हणतात, पेटती ठेवून दार-खिडक्या लावून झोपू नका. दर हिवाळ्यात यातून माणसं दगावतात. घरची मंडळी आग्रहाने मकल आत आणून देतील, तेव्हा हसून खिडकी किलकिली करावी.

सुट्टीचा वार शनिवार. रविवारी सकाळी आरामात लोळत पडलात तर शाळेतून पोरगं बोलवायला येतं. तारखाही वेगळ्या, विक्रम संवताच्या, आणि महिने सौर. म्हणून तिथे संक्रांत नेहमी माघाच्या १ तारखेला. आपल्याकडे मात्र ती बहुतेक पौषात पडते. 'हाम्रो पात्रो' हे ॲप फोनवर टाका, नाहीतर "पुस २५ ला बैठक" म्हणजे नेमकं कधी, हे कळायला जानेवारी उजाडेल.

स्वयंपाकघरात न विचारता शिरू नये, विशेषतः बाहुनांच्या, म्हणजे ब्राह्मणांच्या घरात. 'जुठो' म्हणजे उष्टं, त्याचा विचार आपल्या आजीच्या घरासारखाच, काकणभर कडकच.

५. घाम तापणे

आता मुख्य गोष्ट. ऊन गच्चीवर किंवा अंगणात कधी येतं हे पहिल्या दोन दिवसांत हेरून ठेवा. काठमांडूच्या खोऱ्यात धुकं विरायला नऊ-दहा वाजतात, टेकडीवरच्या गावात समोरचा डोंगर किती उंच त्यावर सगळं अवलंबून. मग सुकुल, म्हणजे भाताच्या पेंढ्याची चटई, बाहेर येते. त्या सुकुलावर बसलात की अर्धं काम झालं.

रिकाम्या हाताने जाऊ नका. पाव किलो 'बदाम' घ्या, पण दुकानात खरा बदाम मागायचा नाही: बाजारात बदाम म्हणजे भुईमुगाच्या शेंगा. नाहीतर संत्री घ्या, हिवाळ्यात ती ढिगाने मिळतात. सोला, वाटा आणि सालं समोरच्या शेळीला घाला.

एखाद्या दिवशी 'भोगटे' निघतं. हे आपलं पपनस. पाकळ्या सोलून मोकळ्या करायच्या, त्यात दही, तिखट, मीठ, साखर, आणि वरून मोहरीच्या तेलात काळे होईपर्यंत तळलेल्या मेथीदाण्यांची हळद घातलेली फोडणी. मेथी काळी पडली की आपण फोडणी जळली म्हणून टाकून देऊ, तिथे ती तशीच हवी. आंबट, गोड, कडू, तिखट, सगळं एकदम. हे एकटीने करायचं खाणं नव्हे. शेजारच्या चार बायका येतात, एक सोलते, एक ढवळते, बाकीच्या गावातली लग्नं जुळवतात. मला सोलायला बसवलं तेव्हा मी आतली पांढरी पातळ साल ठेवली म्हणून हसं झालं, पण त्या दिवसापासून हाक माझ्याही नावाने येऊ लागली. पुरुषांनीही बसावं. लाजणाऱ्याला कोणी आग्रह करत नाही.

याच उन्हात गुंद्रुक होतं. मोहरीचा किंवा मुळ्याचा पाला एक-दोन दिवस सुकवायचा, ठेचायचा, मडक्यात किंवा बरणीत हवा राहणार नाही इतका दाबून भरायचा, आंबला की काढून पुन्हा कडक उन्हात वाळवायचा. हिवाळ्यात कुठल्याही गावात शिरलात की काळपट पाल्याचे ढीग आणि तो आंबूस वास आधी सामोरा येतो. पाला ठेचायला मदत करा, शब्दकोशापेक्षा जास्त नेपाळी त्यात शिकाल.

म्हातारे बाजे, म्हणजे आजोबा, बाघचाल मांडतात. २५ ठिपक्यांचा पट, चार कोपऱ्यांत चार वाघ, वीस बकऱ्या एकेक करून उतरवायच्या. वाघ बकरीवरून उडी मारून तिला खातो. बकऱ्यांनी चारही वाघांना हलता येणार नाही असं कोंडायचं. पाच बकऱ्या गेल्या की वाघ जिंकला. आपल्याकडे जुन्या देवळांच्या फरशीवर आणि गडांवर वाघ-बकरीचे पट कोरलेले सापडतात, खेळायला मात्र कोणी उरलं नाही. इथे तो रोज उन्हात चालू असतो. बकऱ्या घेतल्यात तर घाई करू नका, बाजे तुमच्या पहिल्या सात-आठ बकऱ्या पटावर उतरेपर्यंत गप्प बसतात आणि मग खातात. पोरं रबरांचा झुबका बांधून 'च्युंगी' पायाने उडवतात, पडू न देता. थंडी घालवायला याहून स्वस्त औषध नाही. माझा विक्रम चारचा. तिसरीतल्या मुलीचा साठच्या वर.

फोन खिशात ठेवा. फोटो हवा असेल तर आठवडाभराने मागा, तोवर ती माणसंच तुम्हाला काढायला सांगतील.

६. भाषा: वाचता येते, म्हणून फसायला होतं

लिपी देवनागरी. मराठी माणूस पहिल्या दिवसापासून पाट्या वाचतो, आणि तिथेच घसरतो. 'शिक्षा मन्त्रालय' वाचून धसका घेऊ नका, शिक्षा म्हणजे शिक्षण. 'जाडो' म्हणजे थंडी: आमा माझ्याकडे पाहून "कस्तो जाडो!" म्हणाल्या तेव्हा मला उगाच राग आला होता. 'मिठो' म्हणजे चविष्ट, गोड असेलच असं नाही. 'दाइ' म्हणजे थोरला भाऊ, रिक्षावाल्यापासून मुख्याध्यापकापर्यंत सगळ्यांना चालतं. 'कोठा' म्हणजे साधी खोली, तेव्हा "कोठा भाडामा" ही पाटी पाहून गैरसमज नको. 'तातो पानी' मात्र आपल्या आजीच्या 'तातं पाणी'ची सख्खी बहीण.

तीन वाक्यं पुरतात. "खाना खानुभयो?" म्हणजे जेवलात का, पण अर्थ 'कसं काय' एवढाच. "सन्चै हुनुहुन्छ?" म्हणजे बरे आहात ना. आणि "पुग्यो, पुग्यो", म्हणजे पुरे, हे भात वाढणाऱ्या आमांसाठी. ते ताटावर हात आडवा धरूनच म्हणावं लागतं.

७. सणांच्या तारखा हाताशी ठेवा

डिसेंबरच्या पौर्णिमेला नेवारांची, म्हणजे काठमांडू खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांची, योमरी पुन्ही. नवं भात घरात आलेलं असतं. तांदळाच्या पिठाची उकड, आत तीळ आणि चाकू, म्हणजे गूळ आटवून, ओढून केलेला घट्ट पाक. वरून टोकदार, शेपटीवाला आकार, मग वाफवायचं. मोदक वळता येत असेल तर लगेच हात पुढे करा. मी पाकळ्या काढायला गेले, ते त्यांना मान्य नव्हतं: योमरी गुळगुळीत हवी. पण उकड न फाटता वळता आली म्हणून माझा भाव वधारला.

माघे संक्रांत जानेवारीच्या १४-१५ ला. तीळ, चाकू, तूप, तरूल म्हणजे कोनफळासारखा कंद, आणि रताळी. काठमांडूजवळचं टोखा चाकूसाठी नावाजलेलं. संक्रांतीच्या आधी तिथल्या भट्ट्या पाहायला सकाळीच जा. नेवार घरांत थोरली बाई धाकट्यांच्या डोक्यावर तेल घालते. माझा डबा मी त्या दिवशी उघडला. "तिळगूळ घ्या, गोड बोला" याचा अर्थ सांगितल्यावर आमांनी विचारलं, "एका वडीवर किती दिवस गोड बोलायचं?" नुवाकोटच्या तारुकात याच दिवशी बैलांच्या झुंजी होतात. गाव लोटतं. मी एकदा गेले, पुन्हा गेले नसते; तुमचं तुम्ही ठरवा.

पश्चिम तराईत, दाङ-बर्दियाकडे, काम असेल तर हाच दिवस थारूंची 'माघी', त्यांचं नवं वर्ष. ढिक्री म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले गोळे, नाच, मद्य. त्याला एक काळी बाजू होती. कमैया म्हणून वेठीला बांधलेल्या थारू कुटुंबांचे मालकाशी वर्षाचे करार माघीलाच ठरत. २००० साली सरकारने कमैयांना मुक्त केलं. म्हाताऱ्या माणसांना या दिवसाबद्दल विचारलंत तर नाच थांबवून बोलतात.

गुरुंगांचा तमु ल्होसार, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, पुस १५ ला, ३० डिसेंबरच्या आसपास. तामाङांचा सोनाम ल्होसार माघ शुद्ध प्रतिपदेला. नुवाकोटात तामाङ वस्ती मोठी, त्यामुळे आमची शाळा त्या दिवशी डंफूच्या, म्हणजे त्यांच्या डफाच्या, तालावर होती. वसंत पंचमीला सरस्वती पूजा: लहान मुलांना त्या दिवशी पहिलं अक्षर गिरवायला देतात, आणि काठमांडूत स्वयंभूजवळच्या सरस्वतीच्या ठाण्यावर मुलं भिंतीवर खडूने अक्षरं लिहितात.

सगळ्यांत सुंदर मात्र बिनगाजावाजाचं. पौष पौर्णिमेपासून माघ पौर्णिमेपर्यंत घरोघर संध्याकाळी स्वस्थानी देवीची पोथी वाचतात, रोज एक अध्याय, एकूण ३१. आपल्याकडे श्रावणात कहाण्या वाचत तशीच ही बैठक. लिपी येत असल्याने दुसऱ्या आठवड्यात मला वाचायला बसवलं. उच्चार चुकले की कोपऱ्यातून आजी दुरुस्त करायच्या, झोपेतही. काठमांडूजवळच्या साँखूला शाली नदीकाठी व्रत करणाऱ्या बायका महिनाभर राहतात. शनिवारी जाऊन या, पण घाटावर कॅमेरा बाहेर काढू नका.

८. शनिवारी कुठे

भक्तपूर. तिथलं न्यातपोल मंदिर १७०२ सालचं, पाच छपरांचं. १९३४ आणि २०१५ या दोन्ही मोठ्या भूकंपांत उभं राहिलं. पायऱ्यांवर ऊन घेत बसा आणि मातीच्या भांड्यातलं 'जुजु धौ' खा, राजांचं दही. संध्याकाळी काठमांडूतल्या बौद्ध या भागात स्तूपाभोवती 'कोरा', म्हणजे प्रदक्षिणा, करणाऱ्या गर्दीत मिसळून स्तूप उजव्या हाताला ठेवून चाला, थंडीही पळते. नाटकवेड्या मराठी माणसाने काठमांडूतल्या मंडला नाट्यगृहात एखादा प्रयोग पाहावाच, निम्मं तरी कळतं. अंग आंबलं असेल तर म्याग्दीतल्या सिंगा तातोपानीच्या गरम कुंडात दोन दिवस, हिवाळ्यात त्यासाठीच लोक येतात.

दोहोरी म्हणजे तमाशातल्या सवाल-जवाबासारखं, मुलगा एक कडवं जागच्या जागी रचतो, मुलगी त्याला उत्तर देते, मादल वाजत राहतो. शहरात दोहोरीची हॉटेलं आहेत, बरी आहेत. गावातल्या लग्नात ऐका, तिथे हरणाऱ्याची खरी फजिती होते. पाहुण्यावरही कडवं येतं. माझ्यावर आलं ते भोगट्याच्या सालीवर होतं.

शाकाहारी असाल तर: मोमो म्हटलं की बहुतेक ठिकाणी म्हशीचं मांस, तिथल्या भाषेत 'बफ'. "भेज हो?" असं विचारल्याशिवाय तोंडात घालू नका. नेवार भोजात तर आलं, काळे सोयाबीन आणि पोहे एवढंच तुमच्या वाट्याला येईल.

९. जीभ सांभाळा

"नेपाळ म्हणजे आपलंच की" हे प्रेमाने म्हटलं तरी लागतं. बुद्धाचा जन्म लुंबिनीत, नेपाळात, हे विसरून काही बोललात तर पोरंसुद्धा भांडतील. २०१५ ला भूकंपानंतर काही महिन्यांतच भारताच्या सीमेवरची वाहतूक अडली, चुली विझल्या. ती आठवण अजून ताजी आहे, वाद घालू नका, ऐकून घ्या. आणि कुणालाही 'बहादूर' म्हणू नका. गावातल्या एका बाजेंनी वीस वर्षं पुण्यात एका सोसायटीच्या फाटकावर काढली होती. मराठी छान बोलायचे. त्यांच्या खऱ्या नावाने तिथे त्यांना कोणी हाक मारली नव्हती.

१०. निघताना

निघायचा दिवस दोन दिवस आधी सांगा, आदल्या रात्री नव्हे. कपाळावर दही-तांदळाचा टिळा लागेल, गळ्यात फुलांची माळ किंवा खादा म्हणजे मानाचं उपरणं, त्याला वेळ लागतो आणि बस थांबत नाही. पैसे द्यायचे असतील तर पाकिटात घालून घरातल्या बाईच्या हातात द्या. "जान्छु" म्हणू नका, "आउँछु" म्हणा, आपण 'जाते' ऐवजी 'येते' म्हणतो तसंच. आणि आमा गुंद्रुकची पुरचुंडी देणारच. ती तीन प्लॅस्टिक पिशव्यांत गुंडाळा, वर गच्च दोरा बांधा आणि कपड्यांपासून लांब ठेवा. मी एकीतच गुंडाळली होती. गोरखपूरहून सुटलेल्या गाडीत भुसावळपर्यंत आमच्या डब्यातले लोक एकमेकांच्या डब्यांकडे संशयाने पाहत होते.